यीस्टची तक्रार ही तक्रार नसल्याबाबत

प्रति,
मा. कल्याण अधिकारी,
पाव कारखाना, मुख्य कचेरी, दुसरा मजला.

अर्जदार : पीठ मळण्याच्या विभागातील कामगार, टेबल क्रमांक तीन.

विषय : दवाखान्याची चिठ्ठी न अडवता यीस्टची तक्रार निकाली काढण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज. २) तपासणी समितीचे 'नमुन्यासह हजर राहावे' असे पत्र.

महोदय / महोदया,

(दारावरच्या पाटीवर फक्त हुद्दा आहे, म्हणून दोन्ही लिहिले आहे. महोदय असल्यास कृपया परिच्छेद ४ वगळून वाचावे.)

१. सदर अर्जदार अकरा वर्षे या कारखान्यात पीठ मळते. इतक्या वर्षांत तिने कोणाविरुद्ध ब्र काढलेला नाही. मुकादम तिला 'गरीब गाय' म्हणतात, त्याचेही तिने कधी वाईट वाटून घेतलेले नाही.

२. कारखान्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई फक्त बुधवारी येतात आणि कचेरीची चिठ्ठी असेल तरच तपासतात. त्यांना दाखवण्यासाठी अर्जदाराने मागील मंगळवारी रजा मागितली. रजेच्या कागदावर 'कारण' असा रकाना आहे. समोर खिडकीत रजेचे कारकून भाऊसाहेब, पाठीमागे बाराजणांची रांग, आणि भाऊसाहेबांना प्रत्येक कारण मोठ्याने वाचण्याची सवय. लोक पोटाची तक्रार, गुडघ्याची तक्रार असे लिहितातच. अर्जदाराच्या धाकट्या जावेने "हे यीस्टचंच असणार, जाऊबाई, मलाही झालं होतं, घाबरू नका," असे सांगितले होते. म्हणून अर्जदाराने सभ्य भाषेत 'यीस्टची तक्रार' असे लिहिले.

३. भाऊसाहेबांनी रजा मंजूर न करता कागद तक्रार विभागाकडे पाठवला. त्याच दुपारी यीस्टच्या कोठाराला सील लागले. दोन यंत्रे बंद पडली. समितीच्या तिघा साहेबांनी अर्जदारास बोलावून, तक्रार वासाची आहे, रंगाची आहे की नीट न फुगण्याची आहे, असे विचारले. अर्जदाराने मान खाली घातली. समितीने 'तिन्ही' अशी नोंद केली. आता नमुना मागितला आहे. टेबलावरच्या बायका अर्जदाराशी बोलत नाहीत, कारण त्यांना पिशव्या भरण्याच्या कामावर उभे केले आहे. मुकादमही आता तिला गाय म्हणत नाहीत.

४. (महोदया असल्यास.) तीन आठवडे नको त्या जागी खाज आहे, आग आहे, आणि बाकावर नीट बसवत नाही. अर्जदार मोरीचे दार लावून फोनवर वाचते. पहिल्या ओळीत हे फार जणींना होते, औषधाने बरे होते, असे असते. दुसऱ्या ओळीत साखरेचा आजार असतो. तिसरी वाचायची नाही असे ती रोज ठरवते आणि रोज वाचते. फार पाणी पिणे हे साखरेचे लक्षण, असे वाचल्यापासून ती तहान लागली तरी पाणी पीत नाही. अकरा वर्षे हात यीस्टमध्ये असल्याने ते नखांतून अंगात शिरले असावे, असेही तिला वाटते. पावाचे यीस्ट वेगळे आणि हे इन्फेक्शनचे वेगळे, असे जाऊ हसून सांगते. जावेच्या स्वयंपाकघरात ते पटते. टेबलावर ओल्या फडक्याखाली पीठ फुगू लागले की पटत नाही. नवऱ्याला सांगितलेले नाही. मन चिंती ते वैरी न चिंती, हे अर्जदारास ठाऊक आहे, पण ठाऊक असून उपयोग होत नाही.

५. भाऊसाहेबांनी मार्ग सुचवला की, 'मला यीस्टची कोणतीही तक्रार नाही' अशा निवेदनावर सही केल्यास सील निघेल. अर्जदार आनंदाने पेन मागू लागली, तोच त्यांनी सांगितले की दवाखान्याची चिठ्ठी याच तक्रारीवर निघणार होती. तक्रार नाही, तर चिठ्ठी नाही. सही केली तर डॉक्टरीणबाई नाहीत, न केली तर कोठार बंद. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये भाऊसाहेब. एक बुधवार असाच गेला.

६. तरी विनंती अशी की, सदर तक्रार ही कारखान्याच्या मालाविषयी नसून

हे वाक्य अर्जदाराने चार कागदांवर लिहून पाहिले. ते पुढे जात नाही. परिच्छेद ४ वगळला तर या अर्जात काही उरतच नाही, हे आता लक्षात आले. म्हणून महोदय असलात तरी तो वाचावा. हसू आले तर हसावे, पण भाऊसाहेबांकडे मोठ्याने वाचायला देऊ नये.

उद्या बुधवार आहे. मला खाज येते, आणि मला फार भीती वाटते. चिठ्ठी द्यावी.

आपल्या सहीची वाट पाहणारी,
(सही)
टेबल क्रमांक तीन

दिनांक : आज, मंगळवार.

सोबत :
१) समितीच्या पत्राची प्रत.
२) निवेदन, सही न केलेले.
३) नमुना जोडलेला नाही. तो डॉक्टरीणबाईंनीच घ्यावा.