ताईच्या आवाजाची मिनिटं

सोमवार, ४ मार्च

तीन चौकोन होते! सकाळी आठला निघताना मी स्वतः वाकून पाहिले. ताईच्या बोलत्या डब्याच्या पडद्यावर, कोपऱ्यात, बॅटरीचे चारपैकी तीन काळे. आणि सव्वा वाजता परत आलो तर अख्खा पडदाच काळा.

रोज मी कुलूप काढेपर्यंत आतून डब्याचा घोगरा आवाज येतो — "आलास का?" आज काहीच नाही. ताई खिडकीशी, चाकाच्या खुर्चीत. मान पुढे पडलेली, हनुवटी छातीत रुतलेली, घशातून घर्र घर्र. मान उचलली तर डोळे सताड उघडे. म्हणजे सगळा वेळ जागी होती!

"कधीपासून अशी आहेस?" मी विचारलं. किती मूर्ख! डबा बंद, सांगणार कशी? अंगठा नुसता कळ दाबत राहिला. टक. टक. टक.



मंगळवार, ५ मार्च

बॅटरी भरायला पूर्ण सहा तास लागले. वायर लावली म्हणून डबा लगेच चालू होईल असं नाही. थेट विजेवर तो चालतच नाही. आधी बंद ठेवायचा, बॅटरी भरायची, मग बोलायचं. असलं यंत्र कुणी बनवलं?

चालू झाल्यावर ताईचं पहिलं वाक्य — "नऊ चाळीस."

मग बराच वेळ पडद्यावर अक्षरं उजळत गेली, हवं ते अक्षर आलं की ही अंगठ्यानं टिपणार. "मान अकराला पडली." मग — "नाकावर माशी होती. बरी होती. प्रश्न विचारत नव्हती."

हसलो. मोरीत जाऊन रडलो.

बावीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती ताई. सगळं गाव तिच्या आवाजावरून तिला ओळखायचं. आजारानं आधी पाय नेले, मग हात, मग तो आवाज. उरला उजवा अंगठा. तीन वर्षं हा सात किलोचा डबाच तिचं तोंड आहे. कळ दाबून धरली की माझ्या दुकानात फोनही लागतो. अर्थात बॅटरी असली तर.

दुपारी नर्स आली. हनुवटीखालचा लाल वळ तिला लगेच दिसला. "हे कशानं?"

"झोपेत उशी—" मी म्हणालो.

"बॅटरी संपली. साडेतीन तास," डबा म्हणाला.

नर्सनं पेन काढलं. हातापाया पडलो तिच्या. "दादा, मला लिहावंच लागेल," म्हणाली. "यांना घरी ठेवायचं की संस्थेत, ते समिती ठरवेल. एकवीस तारखेला बोलावतील. आणि ऐका, उत्तरं यांनी स्वतः द्यायची. तुम्ही यांच्या वतीनं बोलायचं नाही."

संस्था! आई गेल्यावर हिनंच मला वाढवलं. हिला मी संस्थेत टाकू?

बुधवार, ६ मार्च

विचारलं — सोमवारी एवढी बॅटरी खर्च कशी झाली? गप्प बसलं की दहा मिनिटांत पडदा मंद होतो, मग बॅटरी पुरते. तू सकाळी करत काय होतीस?

"पत्र लिहीत होते. एक्स्चेंजमधल्या मैत्रिणीला."

मी चिडलो. आता खरं म्हणजे लाज वाटतेय. सांगून टाकलं — आठ ते एक डबा वापरायचा नाही! अगदी गरज पडली तरच.

"आणि बोलावंसं वाटलं तर?"

"एकला येतोच ना मी."

"बरं, साहेब."

शुक्रवार, ८ मार्च

बॅटरीवाल्याकडे गेलो. बुटका, डोळ्याला भिंग लावलेला माणूस. टेबलावर उघडी पोटं टाकून पडलेली यंत्रं. मी चौकोनांचं सांगितलं तर हसला.

"तुम्हाला काय वाटलं, आत कुणी मोजायला बसलंय? तो अंदाज आहे, साहेब. नवीन बॅटरी धरून केलेला अंदाज. तुमची म्हातारी झाली."

"पण तीन चौकोन होते हो!"

"असणारच. ही जात अशीच. शेवटपर्यंत ताठ उभी राहते. मग एकदम कोसळते. मध्ये पायऱ्या नाहीत."

नवीन मिळेल का? मिळणार नाही. हे मॉडेल बंद झालं. आतले घट बदलून देतो म्हणाला, पण त्याला महिना लागेल. माझ्याकडे तेरा दिवस! तोवर एक करा, म्हणाला — पूर्ण रिकामी करा, पूर्ण भरा, पुन्हा रिकामी. थोडा जीव येईल. आणि घड्याळ लावून लिहीत जा. चौकोनांवर विश्वास ठेवू नका.

मग माणसानं कशावर ठेवायचा? विचारलं नाही.

शनिवार, ९ मार्च

ताई गप्प बसली. आठला चार चौकोन, साडेदहाला मी धावत घरी — तीन. पुन्हा दुकानात. अकरा दहाला पुन्हा घरी — बंद! तीन तास दहा मिनिटंसुद्धा नाही. न बोलता!

मान सरळ होती, देवाची कृपा.

रविवार, १० मार्च

सुट्टी. बॅटरी रिकामी करायची होती. "बोल," म्हटलं, "हवं तेवढं बोल. आज मुभा आहे."

"राजेसाहेबांची कृपा," डबा म्हणाला.

मी घड्याळ घेऊन समोर बसलो. तिनं एक्स्चेंजमधलं काहीबाही सांगितलं. एक बाई होती म्हणे, रोज सकाळी नऊला फोन करायची. नंबर सांगायची नाही. फक्त विचारायची — "आहे ना कुणी?" ताई म्हणायची — "आहे मी." बाई फोन ठेवून द्यायची. वर्षभर चाललं.

"वरिष्ठ ओरडले. फुकट लाइन अडते म्हणून. मी ऐकलं नाही. माणसाला एवढं—"

इथे बंद पडला. पडद्यावर तेव्हा दोन चौकोन होते. एक तास सदतीस मिनिटं. म्हणजे बोलत राहिली तर एवढंच.

समितीसमोर दीड तासाच्या आत सगळं उरकायला हवं.

मंगळवार, १२ मार्च

दुकानात फोन वाजला आणि हातातली काच सुटली. दोन फूट बाय तीन, अगदी बिनडागाची. मी फ्रेमच्या दुकानात काचा कापतो. नऊ वर्षांत अशी काच फोडली नव्हती. फोन गिऱ्हाइकाचा होता.

मालक ओरडले नाहीत. म्हणाले, "तू माणसात नाहीस आजकाल. दिवसातून दोनदा घरी पळतोस. कुणाला तरी बसव ना ताईजवळ."

कुणाला?

बुधवार, १३ मार्च

ताईला विचारलं, खालच्या काकूंना किल्ली देऊ का? मध्ये एकदा डोकावून जातील.

"दे," डबा ताबडतोब म्हणाला. तिच्या अंगठ्याला इतकी घाई मी कधी पाहिली नव्हती.

किल्ली घेऊन अर्धा जिना उतरलो आणि पाय थबकले. काकूंचं तोंड! दोन दिवसांत चार घरी सांगतील — त्या बिचारीला एकटी टाकून जातो, यंत्र बंद पडतं, मान पडते. समितीच्या कानावर गेलं तर? नको. एकवीस तारीख जाऊ दे.

वर येऊन सांगितलं — काकू घरात नाहीत.

टीव्हीचा आवाज जिन्यात येत होता. ताईला बोलता येत नाही, पण कान शाबूत आहेत.

गुरुवार, १४ मार्च

न बोलता — दोन तास पन्नास. कमी झाली! जीव येणार होता ना?

शुक्रवार, १५ मार्च

न बोलता तीन तास पंचवीस. जीव भांड्यात पडला. निदान आजच्यापुरता.

शनिवार, १६ मार्च

नर्स आली. समितीला तक्ता हवाय — रोज किती वेळ चालतं, किती वाजता बंद पडलं, सगळं तारीखवार. "तुम्ही लिहिता ना? ताई म्हणाल्या मला. छान. स्वच्छ कागदावर काढून द्या."

ताईनं सांगितलं! कशाला?

तीन तास दहाच्या आत. दोन पन्नास. तीन पंचवीस. हे आकडे वाचून कोण तिला घरी ठेवेल? मीच समितीत असतो तर मी ठेवलं असतं?

रविवार, १७ मार्च

केलं.

पट्टी घेऊन रेघा मारल्या. चांगल्या अक्षरात लिहिलं. पाच तास पंधरा. पाच तास पाच. पाच तास वीस. एक आकडा मुद्दाम चार पन्नास लिहिला, खरं वाटावं म्हणून. त्या वेळी मला स्वतःचीच भीती वाटली. इतकं बेमालूम खोटं मला येतं?

आयुष्यात गिऱ्हाइकाला काच एक सूतभर कमी दिली नाही मी.

पण घट बदलून मिळतीलच ना! महिनाभरात हे आकडे खरे होतील. मग हे खोटं कसं? थोडं आधी लिहिलेलं खरं, एवढंच.

सोमवार, १८ मार्च

"तक्ता दाखव," ताई म्हणाली.

दाखवला. काय करणार? तिच्या डोळ्यांसमोर कागद धरून उभा राहिलो. ती सावकाश वाचत गेली, ओळीओळीनं. खालपर्यंत गेली. पुन्हा वर आली.

मी वाट पाहत होतो. ओरडेल. शिवी घालेल — डब्यात तिनं तीन शिव्या साठवून ठेवल्यात, एका कळीवर. काहीच नाही.

डबा बंद पडला असेल म्हणून वाकून पाहिलं. चालू होता. नुकताच भरलेला, चारही चौकोन काळे. तिला बोलायचं नव्हतं.

"हे तुझ्यासाठीच आहे," मी म्हणालो.

तिनं डोळे मिटले.

मंगळवार, १९ मार्च

ताई काहीतरी लिहितेय. संध्याकाळी तासभर मला खुर्ची भिंतीकडे तोंड करून लावायला सांगितली. समितीसाठीची वाक्यं आधीच तयार करून ठेवते म्हणाली, म्हणजे तिथे एक कळ दाबली की झालं. हुशार! अक्षर टिपत बसायला नको, बॅटरी वाचेल.

"वाचून दाखव ना एकदा," मी म्हटलं.

"नाही."

"अगं, काही राहून गेलं तर—"

"माझं तोंड आहे ते. तुझं नाही."

बरं बाई. हिच्या मनात काय आहे ते मला ठाऊकच आहे. हिला हिचं घर हवंय, हिची खिडकी हवीय. फक्त मध्येच बंद पडायला नको. अर्धं वाक्य झालं आणि आवाज गेला तर ते लोक म्हणतील — बघा! हेच तर म्हणतेय नर्स! तो क्षण डोळ्यांपुढून हलत नाही. ताई कळ दाबतेय, टक टक टक, आणि समोर तिघं जण घड्याळ बघतायत.

बुधवार, २० मार्च

बॅटरी शेवटची एकदा रिकामी करून भरायला लावली. दोन तास एक मिनिट बोलली! सगळ्यात जास्त. बॅटरीवाला खोटं बोलला नाही.

जेवण गेलं नाही. डबा बंद पडायच्या आधी ताईला भरवत होतो, तेव्हा चमचा दातावर आपटला. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं लहानपणी परीक्षेच्या आदल्या दिवशी पाहायची.

"घाबरू नकोस," डबा म्हणाला.

"तू नाही घाबरलीस?"

"आता नाही."

गुरुवार, २१ मार्च, सकाळी

चार चौकोन. डबा बंद केलाय, तिथे पोचल्यावरच चालू करणार. वायर घेतली. तक्ता घेतला. खालच्या काकूंनी खुर्ची जिन्यावरून उतरवायला हात लावला, म्हणाल्या, "मला सांगायचं तरी होतं रे कधी." मान वर करून बघवलं नाही.

गाडी आली. डब्या, बंद पडू नकोस रे बाबा. एवढा एक दिवस.

गुरुवार, २१ मार्च, संध्याकाळी

समितीच्या बाईंनी माझा तक्ता बाजूला ठेवला आणि ताईला एवढंच विचारलं — "घरी तुम्हाला कसं वाटतं?"

ताईनं कळ दाबली. "भाऊ चांगला आहे. तक्ता खोटा आहे. तो गेला की आठ ते एक मी भीतीनं मरून बसते. तीन वर्षं झाली. हाक मारली तर कुणी येईल अशा जागी मला न्या."

सोमवारी नेणार.

मग बाकीची साठवलेली वाक्यंही, एकामागून एक, अशी अकरा मिनिटं बोलली. डबा एका अक्षरालाही अडखळला नाही. आणि मी शेजारी बसून, दुसऱ्या वाक्यापासून, दात आवळून एकच मागत होतो — बंद पड. आत्ता बंद पड.