ताठ बसायची सायकल

ती. आईस,
तुझ्या पोक काढून बसणाऱ्या लेकाचा नमस्कार.

जुनी सायकल घेतली. हँडल उंच, सीट रुंद; खुर्चीत बसल्यासारखं ताठ बसून चालवतो. दुकानदार हँडल खाली करून देत होता, मीच नको म्हटलं. लाँड्रीतले सोबती चिडवतात, "साहेब निघाले पाहणीला!" चिडवू देत.

माझ्या पाठीची काळजी करू नकोस. दिवसभर इस्त्रीच्या टेबलावर वाकावं लागतं, पण येता-जाता सायकलवर ती सरळ होते. आता उताणंही झोपता येतं.

तू अजून शिलाई मशीनवर वाकूनच बसतेस ना? "ताठ बस रे" म्हणत माझ्या पाठीत धपाटा घालायचीस. तुला तिथे कोण घालतं?

तुझा,
धाकटा