सगळे सहाला सुटले

बुधवार, १४ तारीख

चि. छकुलीस,

दादाचा आशीर्वाद. आम्ही बरे आहोत. तुझ्या वहिनीचा गुडघा कुरकुरतो, तोंडाला मात्र काही झालेलं नाही. तू फौजदार, मी हवालदार. ठाण्यात रोज तुला सॅल्यूट ठोकतो, तूही मान हलवतेस. पण दोन महिन्यांत 'दादा' अशी हाक नाही. म्हणून हे पत्र.

तुम्ही अकरा अधिकाऱ्यांनी जादा कामाच्या मोबदल्यासाठी कामगार न्यायालयात दावा लावलात, तेव्हा मी हसलो होतो. महिन्याच्या पगारावरच्या अधिकाऱ्याला कसला ओव्हरटाइम? न्यायाधीश मात्र म्हणाले, हुद्दा नाही, काम काय करता ते बघू. मग सगळं तासांवर येऊन अडलं, आणि तासांचा पुरावा एकच, माझं हजेरीपुस्तक.

आपली पद्धत तुला ठाऊकच आहे. सकाळी येतानाच दोन्ही सह्या. सुटण्याची वेळ मी आधीच लिहून ठेवायचो. मोर्चा असो, पंचनामा असो, सगळे सहाला सुटले! मला आधीच्या हवालदाराने तसंच शिकवलं होतं.

माझ्या साक्षीआधी ठाण्याच्या साहेबांनी दटावलं, चार महिन्यांवर आलेली पेन्शन अडकेल म्हणाले, असं मी घरी सांगितलं. ते खरं नाही. साहेब एवढंच म्हणाले होते, "जे लिहिलंय ते सांगा." बाकी माझं मीच केलं. तू समोर बसली होतीस, आणि मी शपथेवर म्हणालो, "नोंदी खऱ्या आहेत." तुमच्या वकिलांनी पुलावरच्या अपघाताचा दिवस विचारला. त्या दिवशी नऊपर्यंत आपण दोघं गाड्या वळवत होतो, तुझा अर्धा डबा मी खाल्ला होता. तरी म्हणालो, "मॅडम सहाला सुटल्या."

पेन्शनची भीती होतीच गं. पण त्याहून जास्त लाज होती. एकोणतीस वर्षं माझ्या वळणदार अक्षराचं कौतुक ऐकलं. त्यात खोटं लिहिलंय असं भर कोर्टात म्हणायला जीभ रेटेना. स्वतःची अब्रू झाकायला गेलो आणि बहिणीला खोटं पाडलं.

काल तुमच्या वकिलांकडे जाऊन आलो. पुन्हा साक्ष द्यायचा अर्ज केलाय. ते म्हणाले, "तुमच्यावरच खटला होऊ शकतो." होऊ दे. सोमवारी तारीख आहे. तुझ्या वहिनीला अजून बोललो नाही. तेवढं तू सांग. कोर्टापुढे उभा राहीन, तिच्यापुढे छाती होत नाही.

मागच्या वेळी माझ्याऐवजी तूच मान खाली घातलीस. सोमवारी घालू नकोस.

तुझ्याविरुद्ध खोटं बोललेला,
तुझाच दादा