द्वारकेच्या वाटेवरचं सगळं काही

१२ ऑक्टोबर, रविवार
ठरलं. या दिवाळीच्या सुट्टीत बाला, म्हणजे माझ्या आईला, द्वारकेला न्यायचंच. सकाळी चहा पिताना जाहीर केलं. दक्षा म्हणाली, हे वाक्य ती या घरात सून म्हणून आल्यापासून ऐकते आहे, आधी बापूजींच्या तोंडून, ते गेल्यावर माझ्या. बायकोला उत्तर द्यायचं नसतं, करून दाखवायचं असतं.

बा उठून गेली आणि बदामी साडी गच्चीवर उन्हात टाकून आली.

प्लॅन अगदी साधा. २ नोव्हेंबरला नडियादहून निघायचं, रात्री द्वारका, ३ ला सकाळी दर्शन, ४ ला घरी. सहा तारखेला शाळा उघडते. मध्ये कुठेही थांबायचं नाही. ही बाची यात्रा आहे, माझी नाही.

१९ ऑक्टोबर
नकाशा पाहिला. लोथल जवळजवळ वाटेवरच आहे. इतिहासाचा शिक्षक लोथलवरून न थांबता पुढे जातो, हे बरं दिसत नाही. शिवाय बाला आवडेल. हजारो वर्षांपूर्वीचं बंदर!

२५ ऑक्टोबर
वढवाणची माधाव वाव, म्हणजे पायऱ्यांची जुनी विहीर, तीही वाटेवरच निघाली. आपल्या ज्ञातीच्या मासिकाला 'सौराष्ट्राची विसरलेली वैभवस्थळं' असा लेख देतो म्हणून संपादक रमणिकभाईंना फोन करून सांगून टाकलं. आता माघार नाही.

दक्षाला बँकेतून सुट्टी नाही. म्हणाली, तुम्ही दोघंच जा, पण बाला सरळ द्वारकेला न्या. 'सरळ' या शब्दावर उगाच जोर दिला.

२ नोव्हेंबर, रविवार. वढवाण
निघालो. भाड्याची गाडी. ड्रायव्हर वजूभाई चोटीला गावाकडचे, कमी बोलणारे. निघताना विचारलं, "मास्तर, द्वारका ना?" म्हटलं, हो, व्हाया लोथल. त्यांनी आरशातून मागे बसलेल्या बाकडे पाहिलं.

लोथलला मी बाला गोदी दाखवली. जहाजं कुठून यायची, माल कुठे उतरायचा, मण्यांचा व्यापार, सगळं समजावलं. तिने मन लावून ऐकलं. मग विचारलं, पाणी कुठे आहे? म्हटलं, पाणी गेलं, नदीने पात्र बदललं. बा म्हणाली, "द्वारकेचा समुद्र तरी आहे ना जागेवर?" वजूभाई खोकले. हसले असावेत.

लोथलला अंदाजापेक्षा वेळ गेला, पण बाला फार आवडलं. 'चला आता' असं ती दोनदाच म्हणाली.

वाव बघताना संध्याकाळ झाली. काय कोरीव काम! बा पहिल्याच पायरीवर बसून राहिली. म्हणाली, लग्नानंतर दहा वर्षं डोक्यावर हंडा घेऊन असल्याच वावेच्या पायऱ्या चढ-उतार केल्या, आता मुद्दाम गाडी करून बघायच्या? हा दृष्टिकोन लेखात घेता येईल. 'एका सामान्य स्त्रीच्या नजरेतून.'

मुक्काम वढवाणलाच. उद्या संध्याकाळी द्वारका. एक दिवस उशीर, पण हाताशी एक जादा दिवस होताच. प्लॅनमध्ये अशी लवचीकता ठेवावी लागते.

३ नोव्हेंबर. जुनागढ
जुनागढ वाटेवर नाही, हे मान्य. पण नकाशावर दोन बोटांचं अंतर आहे. इतक्या जवळ येऊन उपरकोट किल्ला आणि अशोकाचा शिलालेख न बघता परत गेलो असतो, तर शाळेत कोणाला तोंड दाखवलं असतं? गाडीत मागे वळून बाला विचारलं, जायचं का? ती म्हणाली, तुला जायचंय ना, मग जाऊ. म्हणजे तिचीही संमती आहे.

शिलालेखापाशी बा उतरली. वाचता येतं का तुला, म्हणाली. म्हटलं, नाही, ब्राह्मी लिपी आहे. मग बघायचं काय? यावर बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण ऊन फार होतं.

किल्ल्यावर चढणं तिला जमणार नाही म्हणून गाडी सावलीत लावून तिला आत बसवलं. म्हटलं, अर्ध्या तासात आलो. आत गेल्यावर वेळेचं भान कुणाला राहतं? एका दगडाच्या तोफेसमोर उभा राहून व्हिडिओही केला (तोफ दगडाची नाही, धातूची आहे. घरी गेल्यावर व्हिडिओतलं माझं बोलणं दुरुस्त करायचं).

परत आलो तेव्हा बा खिडकीला डोकं टेकून झोपली होती. हातातली जपाची गोमुखी मांडीवर सरकलेली. तोंड किंचित उघडं. झोपेत ती फार लहान दिसते. मी दार उघडायचं सोडून थोडा वेळ बाहेरच उभा राहिलो. वाईट वाटलं असं नाही म्हणता येणार. पण तिला आवडतात म्हणून कोपऱ्यावरून सीताफळं घेऊन आलो.

वजूभाईंनी आधीच आणून दिली होती. खाऊन बियासुद्धा पुडीत बांधून ठेवल्या होत्या.

त्या दोघांचं चांगलं जमलं आहे. वजूभाईंच्या म्हशीचं नाव, दूध किती, सुनेचा स्वभाव, सगळं बाला माहीत. माझ्या लेखाचा विषय तिला अजून सांगता येत नाही.

४ नोव्हेंबर. भाणवड
आज नक्की द्वारका होती. सकाळी नऊपर्यंत निघालोही होतो. पण वाटेत घुमलीची पाटी दिसली. जेठवा राजांची जुनी राजधानी. मोडकं नवलखा मंदिर, मागे बरडा डोंगर, चिटपाखरू नाही. असं ठिकाण जन्मात एकदा दिसतं.

बा काठी टेकत टेकत देवळात आली. रिकाम्या गाभाऱ्यासमोर हात जोडले. मग जवळ जाऊन आत डोकावली आणि विचारलं, देव कुठे आहे? म्हटलं, बा, इथे आता देव नाही, शिल्पं आहेत. हे हत्ती बघ.

तिने हत्ती बघितले. मग अगदी साधेपणाने म्हणाली, "किरीट, देव नाही तिथे चार ठिकाणी जाऊन झालं. आहे तिथे कधी जायचं?"

हे ती रागाने म्हणाली नाही. रागाने म्हणाली असती तर मलाही चिडता आलं असतं.

आत्ताच निघू म्हटलं. पण ढग आले होते, एकही फोटो नीट निघाला नव्हता. लेखाला फोटो लागतात. भाणवडला राहिलो. उद्या सकाळच्या उन्हात फक्त दहा मिनिटं घुमली, की थेट द्वारका. शपथ.

रात्रीच्या जेवणाला बाने खिचडी अर्धी टाकली. प्रवासात कमी खाल्लेलंच बरं असतं.

५ नोव्हेंबर, पौर्णिमा. द्वारका, सकाळी नव्हे
सकाळचं ऊन घुमलीवर साडेनऊशिवाय नीट येत नाही. हे कोणी लिहून ठेवलेलं नाही. लेखात टाकतो.

द्वारकेत पोहोचलो तेव्हा मंदिर नुकतंच बंद झालं होतं. आता उघडणार पाचला. पौर्णिमेची गर्दी, गल्ल्यांत पाय ठेवायला जागा नाही. बाने गाडीच्या काचेतून कळसावरची धजा पाहिली आणि डोक्यावरून पदर घेतला. नाराज अजिबात दिसली नाही. म्हणाली, चला, पाच काही लांब नाही.

धर्मशाळेत खोली घेऊन तिला आडवं केलं. मला मधले तीन-चार तास नुसते घालवणं पटेना. समुद्रातल्या बेटाकडे जाणारा नवा पूल बघून साडेचारला परत येतो म्हटलं. वजूभाई म्हणाले, माझा डोळा लागतोय, तुम्ही रिक्षाने जा. एवढ्या लांब रिक्षा करून गेलो. पूल भव्य आहे. त्यावरची वाहनांची रांगही भव्य आहे.

परत आलो तेव्हा दिवे लागले होते. खोलीला कुलूप. धावत देवळाकडे गेलो. दाराच्या अलीकडे एका दुकानाच्या फळीवर बा बसलेली. शेजारी वजूभाई, त्यांच्या हातात तिच्या चपला.

आधी मला वाटलं, दर्शन झालं. सुटलो. तसं म्हणालोही. मग वजूभाईंनी सांगितलं. चार वाजल्यापासून दोघं रांगेत उभी होती. पुढे पंधराएक बाया उरल्या, तेव्हा बा रांगेतून बाहेर आली आणि इथे येऊन बसली.

मी विचारलं, बाहेर का आलीस? आत का नाही गेलीस?

बा म्हणाली, "तू आणलंस ना मला. तुझ्याशिवाय कशी जाऊ?"

मी रांगेचं शेपूट शोधायला गेलो. ते दोन गल्ल्या ओलांडून भाजीबाजारात होतं. परत येऊन बाचे पाय पाहिले तर घोट्यापाशी पावासारखे फुगलेले. उभं राहायला गेली आणि पुन्हा बसली. उद्या सकाळी शाळा उघडते. रात्रभर गाडी चालवल्याशिवाय पोहोचणार नाही, आणि मुख्याध्यापकांना पहिल्या दिवशीची गैरहजेरी चालत नाही.

मी म्हटलं, बा, कळस दिसला म्हणजे देव दिसला असं शास्त्रात सांगितलंय. कुठल्या, ते तिने विचारलं नाही. कळसाकडे हात जोडले. बराच वेळ जोडून ठेवले. मीही जोडले, पण वर बघवेना. धूर फार होता.

६ नोव्हेंबर. नडियाद
शाळेत हजर झालो. माझ्या वर्गात मुलं चार. तास एकही नाही. मुख्याध्यापक आलेच नव्हते, ते अंबाजीला गेले आहेत.

घरी दक्षाने विचारलं, दर्शन कसं झालं? मी काही बोलायच्या आत बा म्हणाली, छान झालं, फार गर्दी होती. आणि आत निघून गेली. दक्षाने माझ्याकडे पाहिलं. मी सामान वर ठेवायला घेतलं.

९ नोव्हेंबर
संकल्प. संक्रांतीच्या सुट्टीत बाला पुन्हा न्यायचं. रेल्वेने. रेल्वे कुठे वळवता येत नाही. लेख मात्र तोपर्यंत पूर्ण करायचा.

३० नोव्हेंबर
लेख छापून आला. फोटो सुरेख. 'आईच्या इच्छेखातर केलेल्या या यात्रेत' हे पहिलंच वाक्य. रमणिकभाईंचा फोन आला, म्हणाले असे मुलगे हल्ली राहिले नाहीत. फोन ठेवल्यावर मासिक कपाटावर टाकलं. बाला चष्म्यानेही बारीक अक्षर दिसत नाही, हे एक बरं आहे.

१५ जानेवारी
संक्रांत झाली. पतंगाच्या दिवसांत रेल्वेला गर्दी असते. शिवाय मांज्यामुळे माझं बोट कापलं. होळीला नक्की.

१ फेब्रुवारी
बा दोन दिवस संध्याकाळी हवेलीतून, म्हणजे कृष्णाच्या देवळातून, उशिरा येते आहे. शेजारच्या सविताबेन आणि गल्लीतल्या बायकांचं काहीतरी चाललं आहे. भजन असावं. तिचं मन रमतं आहे. माझ्यावरचा भार (असलाच तर) हलका झाल्यासारखा वाटतो.

२२ फेब्रुवारी, रविवार
शिकवणी वर्ग आटोपून घरी आलो तर बा नाही. झोपाळा रिकामा. दक्षा शांतपणे मेथी निवडत होती. म्हणाली, बा पहाटे द्वारकेला गेली. गल्लीतल्या बायकांनी बस केली आहे. चार दिवसांनी येईल.

सगळ्या गल्लीला माहीत होतं. दूधवाल्याला माहीत होतं, त्याने चार दिवस अर्धा लिटर कमी घेऊन यायचं कबूल केलं होतं. फक्त मला नव्हतं. दक्षाला विचारलं, मला का सांगितलं नाही? ती म्हणाली, "बाच म्हणाली, त्याला सांगू नका. तो वाटेवरचं काहीतरी सुचवेल."

तिच्या गुडघ्यांचं काय, पायाच्या सुजेचं काय, म्हणून मी बरंच बोललो. दक्षा म्हणाली, त्या बसमध्ये चाकाची खुर्ची घेतली आहे. चौघी जणी आळीपाळीने ढकलणार आहेत.

चाकाची खुर्ची. मला सुचली नव्हती. लोथलच्या गोदीची लांबी-रुंदी मला तोंडपाठ आहे.

२३ फेब्रुवारी
संध्याकाळी फोन लावला. तिसऱ्या वेळी उचलला. मागे घंटा, झांजा, गलका. मी म्हटलं, बा, मी किरीट. ती मोठ्याने म्हणाली, "नंतर कर बेटा, आरती चालू आहे." आणि फोन ठेवला. चुकून बंद व्हायचा राहिला असावा, कारण मला थोडा वेळ आरती ऐकू येत होती. मी उभा राहून ऐकली. दक्षा समोर होती म्हणून चपला काढल्या नाहीत. नंतर काढल्या.

२६ फेब्रुवारी
बा आली. तिळभरही थकलेली नाही. चेहरा घासलेल्या तांब्यासारखा. प्रसाद दिला. मी पाया पडलो, मग बरंच काही बोलायचं ठरवलं होतं. सुरुवातही केली, की बा, नोव्हेंबरमध्ये माझं जरा...

तिने हाताने थांबवलं. म्हणाली, ते राहू दे, आधी एक नीट ऐकून ठेव. मग दक्षा स्वयंपाकघरात आहे ना, हे पाहून तिने आवाज खाली आणला.

"बसमध्ये सगळ्यांनी विचारलं, रेवाबेन, तुमची पहिलीच खेप का? मी म्हटलं, नाही गं, दुसरी. पहिली खेप माझ्या किरीटने घडवली. हात धरून आत नेलं, दर्शन अगदी समोरून झालं."

म्हटलं, बा, देवाच्या दारात खोटं बोललीस?

"देवाशी नाही बोलले. सविताबेनशी बोलले. देवाला काय, तो होताच की तिथे, रांगेत कोण होतं नि कोण नव्हतं ते त्याने बघितलंय." मग माझ्या शर्टावरचा दोरा काढत म्हणाली, "आता सविताबेन तुला विचारल्याशिवाय राहायची नाही. देवळात स्वर्गद्वारातून आत जायचं, मोक्षद्वारातून बाहेर यायचं. म्हण."

एकवीस वर्षं इतिहास शिकवतो. दारं दोनच. मी ती उलटी सांगितली.

तिने पुन्हा म्हणायला लावलं.