एकही खिळा न ठोकता

१० नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ७.१०
अखेर काम आलं. रिटायर झाल्यापासून अकरा महिन्यांत पहिलं. अनुयाचा फोन होता. तिच्या बदलापूरच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत सात डिसेंबरला आहे. दारावर घंट्यांचं तोरण आणि हॉलमध्ये फुलांच्या त्या गोल रिंगा लावायचं काम माझ्याकडे. अट एकच: खिळा नको, ड्रिल नको, रंगाला ओरखडा नको. जावई अवधूत म्हणत होता सुजित कारपेंटरला बोलावू. अनुया त्याला म्हणाली, "कशाला? बाबा आहेत."
हे वाक्य मुद्दाम लिहून ठेवतो आहे.
मोरिवलीच्या कारखान्यात चिकटपट्टीच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये एकतीस वर्षं काढली. चिकटवण्याबद्दल मला चार गोष्टी सांगेल असा माणूस अंबरनाथमध्ये नाही. बदलापुरात तर नाहीच नाही.

११ नोव्हेंबर
उल्हासनगर, कॅम्प चार. चिकटणारे हुक दोन डझन, रिंगा नऊ. दोन अनुयाच्या, सात ट्रायलला. वजन किती झेलेल विचारलं तर शेठ म्हणाला, "साईं, दीवार गिर जाएगी, हुक नहीं गिरेगा." असा आत्मविश्वास आमच्या सेल्सवाल्यांतसुद्धा नव्हता.
रिंगांना शुद्ध मराठीत पुष्पचक्र म्हणतात हे बायकोला, नीलिमाला सांगितलं. ती म्हणाली, पुष्पचक्र शहिदाला वाहतात, दिवाणखान्यात लावत नाहीत. शब्दांच्या बाबतीत ही बाई फार भावनाप्रधान आहे.

१३ नोव्हेंबर
ट्रायल आपल्याच हॉलमध्ये. पिस्ता रंगाची भिंत. दिवाळीला नीलिमाने पाच शेड नाकारून हा निवडला. डाग पडणार नाही ना, असं तिने तीनदा विचारलं. मी तीनदा हसलो.
भिंत पुसली, हुक साठ सेकंद दाबून धरला, एक तास थांबलो, मग रिंग टांगली. अप्रतिम.

१४ नोव्हेंबर. सकाळी ६.०५
आवाजाने उठलो. रिंग सोफ्यावर. हुक रिंगेत, आणि हुकाला चिकटलेला पिस्ता रंगाचा पोपडा, बिस्किटाएवढा.
शांतपणे विचार केला. हुक सुटला नाही. गोंद सुटला नाही. रंगाने भिंतीला दगा दिला आहे. म्हणजे माझा भाग पास. शेठ खरं बोलला होता.
नीलिमा उठायच्या आत रिंग चार बोटं बाजूला सरकवून नव्या हुकाला लावली. पानांमागे पोपड्याची उघडी जागा दिसत नाही.

१७ नोव्हेंबर
दुसरी रिंग. पहिली पुन्हा पडली, आता पोपडे दोन. दोन्हींवर दोन रिंगा. एकूण रचना छान दिसते.

२१ नोव्हेंबर
पाच रिंगा. कारणं तीच. नीलिमा म्हणाली, "तुम्हाला सजावटीची एवढी हौस असेल असं वाटलं नव्हतं." मग तिने माझ्यासाठी कांदाभजी केली. चार खाल्ली. पाचवं परत ताटलीत ठेवलं, पण ते बहुधा तेलामुळे.
भिंतीला कान असतात म्हणतात. इमान नसतं.

२६ नोव्हेंबर
सातवी आणि शेवटची रिंग, दाराच्या अगदी समोर. इथला पोपडा बशीएवढा. लावल्यावर लक्षात आलं की रिंगेला मधे भोक असतं. पोपडा बरोबर त्या भोकात.
अर्ध्या तासात उपाय काढला. निरोप समारंभाला कंपनीने दिलेला माझा फ्रेमचा फोटो रिंगेच्या बरोब्बर मधे बसतो. शेवटच्या दिवशी आणलेली आपल्या कारखान्याची, दोन्ही बाजूंनी चिकटणारी डबल टेप होती, ती जपून ठेवली होती. चारही कोपऱ्यांना भरपूर लावली, थेट उघड्या प्लास्टरवर. हलत नाही.
नीलिमाने बराच वेळ बघितलं. मग चष्मा पुसून पुन्हा बघितलं. हे मी कौतुक म्हणून धरतो.

६ डिसेंबर. सायंकाळी
बदलापूर. तोरण दीड किलोचं, म्हणून सहा हुक. भिंत आधी स्पिरिटने पुसली. हा अंबरनाथच्या ट्रायलचा धडा. दोन्ही रिंगाही लागल्या. अवधूतने स्टूल धरला. गुणी मुलगा आहे, पण आज नजर चुकवत होता. घराच्या हप्त्यांचं टेन्शन असेल. अनुया म्हणाली, बाबा, किती छान.
उद्या कळेल सगळ्यांना.

७ डिसेंबर, रविवार
आयुष्यातल्या उत्तम दिवसांपैकी एक. तोरण जागचं हललं नाही. गुरुजी उंच, येता-जाता त्यांचं डोकं घंट्यांना लागत होतं, तरी नाही. एकही खिळा नाही, असं मी अकरा जणांना सांगितलं. त्यातल्या सहांना गोंदाची सगळी थिअरी. अवधूतच्या मामांना दोनदा.
नीलिमा म्हणाली, आता पुरे. मत्सर.

८ डिसेंबर. दुपारी
लिहावंसं वाटत नाही. तरी लिहितो.
तोरणातली खरी आंब्याची पानं सुकली असतील म्हणून काढायला बदलापूरला गेलो. स्टुलावर चढलो, तोरण उचललं. मागे दोन स्क्रू. प्लग मारून, घट्ट. शेजारी माझे सहा हुक, रिकामे, रांगेत. दोन रिंगा उचलून बघितल्या. तिथेही स्क्रू.
अनुया ओट्याशी होती. तिने गॅस बंद केला, मग सगळं सांगितलं. सहा तारखेला मी निघाल्यावर वीस मिनिटांत तोरण हुकांसकट खाली आलं; हुक मला दिसावेत म्हणून परत चिकटवले. सुजित लगेच आला. एवढ्या लगेच कसा, विचारलं. तर त्याला तीन तारखेलाच सांगून ठेवलं होतं.
म्हणजे मी भिंत पुसत होतो तेव्हा तो खाली टपरीवर चहा पीत होता. अवधूत त्यामुळे नजर चुकवत होता.
मी म्हटलं, मग मला कशाला बोलावलं?
अनुया म्हणाली, "आई म्हणाली, त्यांना काहीतरी काम दे. घरात नुसते बसून असतात."
घर फिरलं की घराचे वासेही फिरतात. इथे तर वासे आधीच फितूर होते. पानं तशीच ठेवून निघालो.

८ डिसेंबर. सायंकाळी
नीलिमाला जाब विचारला. ती शेंगा सोलत होती. पहिल्या पोपड्याचा चुरा तिला चौदा तारखेलाच केरात सापडला होता. रंगारी पंधरा डिसेंबरला येतो आहे, सांगून ठेवलेला. भजी कशाला केलीस मग, विचारलं. म्हणाली, तुमचा चेहरा बघवत नव्हता.
हा सर्वांत मोठा विश्वासघात. ती भजी मी अपराधी मनाने खाल्ली होती.

९ डिसेंबर. दुपारी ४
ठराव: कुणाशी बोलायचं नाही. आतल्या खोलीत बसलो. चहा इथेच मागवला.
सव्वातीनला तळमजल्यावरचा महेंद्र आला. कारखान्यातला माझा ज्युनियर, पंधरा दिवस गावी गेलेला. पाण्याच्या टाकीबद्दल विचारायला आला असावा. दार उघडं होतं. चपला काढल्याचा आवाज आला. फटीतून बघितलं. माझ्या फोटोसमोर हात जोडून उभा होता. फुलांच्या रिंगेत मी, हसरा.
हळू आवाजात म्हणाला, "वहिनी, कधी? मला कुणी कळवलंसुद्धा नाही."
नीलिमा म्हणाली, "अहो, आहेत ते. आत चहा पिताहेत."
अशा वेळी बाहेर जायला हवं होतं. गेलो नाही. महेंद्र पाणी पिऊन, टाकीचं न विचारताच गेला.
आणखी कुणी वर यायच्या आत फोटो काढून ठेवावा म्हणून हॉलमध्ये गेलो. दोन्ही हातांनी ओढला. मग स्टीलची पट्टी घालून बघितली.
निघत नाही.