मागचें मागेंच

अप्पा, तुम्ही मला मारलेली पहिली चपराक मला दिवसासकट आठवते. मी सोळा वर्षांची. कुंभकोणमच्या आपल्या रेकॉर्डिंगच्या खोलीत दोन स्पीकरांच्या मधोमध स्टुलावर बसले होते, आणि तुम्ही मागून आलात. डोळ्यांपुढे काजवे चमकले. तुम्ही अगदी शांतपणे विचारलंत, "कोठून आलें?" मागून, मी म्हटलं. "मग टेपेंत मागचें समोर कां बसवलेंस? मागचें मागेंच ऐकूं यायाला पाहिजे. असकें एकांत कालवूं नको." सगळं एकात मिसळू नको, असं. पुढे तारा जोडायची तापलेली सोल्डरची सळई मनगटाला लागली, वायरीचे वळ पाठीवर उठले, ओठ फुटला. ओठ फुटला त्याच आठवड्यात तुम्ही मला माझा स्वतःचा हेडफोन आणून दिलात. मी तो घेतला, आणि तुमचा राग राग करत तुमचं काम शिकले. बाहेर आपण तमिळ बोलायचो, घरात मराठी. मारताना मात्र तुम्ही कुठेही असा, तोंडातून घरचंच निघायचं.

काम मात्र खरं होतं, ते नाकारणार नाही. मद्रासच्या एका बंद पडलेल्या स्टुडिओतून तुम्ही चार ट्रॅकचं जुनं मशीन आणलं होतंत. पालखीच्या वाटेवर दोन माईक पुढे, दोन मागे. पण कॅसेट दोनच ट्रॅकची, त्यामुळे चाराचे दोन करावे लागत. बाकीचे लोक सगळ्याची खिचडी करायचे आणि नादस्वराच्या सनईवर गर्दी येऊन बसायची. तुम्ही मागचा आवाज डाव्या बाजूला सरळ घालायचात आणि उजव्या बाजूला तार उलटी जोडून. डावा पडदा बाहेर येई तेव्हा उजवा आत जाई, कानाला ठिकाणा लागत नसे, आणि गर्दी खरंच डोक्यामागे जाऊन उभी राही. एकच खोट होती. एका स्पीकरच्या टेपरेकॉर्डरवर सरळ आणि उलटा एकत्र आले की एकमेकांना खाऊन टाकत, मागचं काही उरतच नसे. मी ते बोलून दाखवलं तर म्हणालात, "एका पेटीवर ऐकणारा म्हणजे एका डोळ्याचा. त्याला काय दाखवायाचें?"

मग मारामारी झाली त्या वर्षीचा उत्सव. सकाळची पालखी कोपऱ्यावर आली आणि आधी कुणाच्या रस्त्यात थांबायची यावरून दोन रस्ते एकमेकांच्या अंगावर गेले. काठ्या आल्या, विटा आल्या. एका म्हाताऱ्याला लाथाबुक्क्यांनी तुडवताना मी पाहतेय. मी घराच्या ओट्यावर मशीनपाशी आहे, हेडफोन कानात. तुम्ही मागच्या माईकांकडे धावलायत, तिकडचं मला दिसत नाही. पण ऐकू येतंय. माईकचा स्टँड कोसळतो. मग तुमचा आवाज, मराठीत: "माईकास लात मारतोस?" आणि स्टँडचं लोखंड कुणाच्या तरी डोक्यात बसल्याचा आवाज, शहाळं फोडावं तसा. नादस्वराच्या साथीचा ढोल, तविल, मधल्याच मात्रेवर थांबतो. तो तविलवाला कुणाशी भांडत नव्हता, अप्पा. गर्दीतून आपलं वाद्य वाचवत मागे सरकत होता, एवढंच. त्याचा डावा कान गेला. आणि अख्ख्या रस्त्यात मराठी बोलणारं घर आपलं एकच.

कुणी मारलं ते त्या धुमश्चक्रीत कुणी पाहिलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी पोलिसांनी टेप मागितली. ऐकायला त्यांच्याकडे स्टेशनातला छोटा टेपरेकॉर्डर, एका स्पीकरचा. उत्सवाच्या परवान्याच्या पावतीसाठी गेले तेव्हा मी तो टेबलावर पाहिला होता. "कॅसेट कर," म्हणालात. "नेहमीसारखी." मी काही कापलं नाही, काही पुसलं नाही. मागचा आवाज डावीकडे सरळ, उजवीकडे उलटा. स्टेशनात आपण दोघं बाकावर बसलो. ढोल आला, किंकाळ्या आल्या, आणि जिथे तुम्ही यायला हवे होतात तिथे काहीच नाही. इन्स्पेक्टरने तीनदा मागे फिरवून ऐकलं. "ओण्णुमे इल्लै," म्हणाला. काहीच नाही.

त्यानंतर तुम्ही माझ्यावर हात उगारला नाहीत. मी खोलीत आले की उठून बाहेर जायचात. मला ते आवडायचं, अप्पा. शरम वाटायला हवी होती, पण आवडायचं.

तुम्ही गेल्यानंतर चार वर्षांनी तो तविलवाला आला. साक्कोट्टैच्या देवळाबाहेर आता फुलं विकतो म्हणाला. बोटांना तविलाच्या टोप्या चढवून वर्षं झाली होती. "अम्मा, तुमच्या टेपेत सगळं आहे असं लोक म्हणतात. मला कोर्टकचेरी करायची नाही. कोण होता तेवढं कळू दे." मी त्याला त्याच स्टुलावर बसवलं, दोन पेट्यांच्या बरोबर मधोमध, आणि कॅसेट लावली. स्वतःचा तविल ऐकून त्याची बोटं मांडीवर चालू लागली. पण दोन्ही पेट्यांचं सरळ आणि उलटं त्याच्या एकाच कानात एकत्र येत होतं, स्टेशनातल्या एका स्पीकरसारखं. तुमच्या जागी त्याला फार तर काही पुटपुट आली असेल, शब्द नाही. तो उरलेला कान पुढे करून ऐकत राहिला. माझा हात उजव्या पेटीमागच्या तारेवर होता. ती ओढली असती तर एकटी डावी पेटी वाजली असती, आणि तुम्ही तुमच्या मराठीसकट त्याच्यासमोर येऊन उभे राहिला असतात. टेप संपली. "ओण्णुमे इल्लै, अम्मा," तो म्हणाला. मीही म्हटलं, हो, काही नाही. त्याने जाताना मला हात जोडले.

हे पत्र कुणाला दाखवण्याजोगं नाही, कॅसेटच्याच डब्यात पडून राहील. मुलगी होती म्हणून तिने बापाची अब्रू राखली, असं तुम्ही समजाल, तर तसं नाही. तुम्ही तर मरून सुटला होतात. ती कॅसेट मी केली होती, जाणूनबुजून, म्हणून मी तार ओढली नाही.