बसलेल्या माणसाचं माप

सोलापूर,
१२ नोव्हेंबर

तीर्थस्वरूप गुरुशांत अण्णांच्या चरणी धाकटा भाऊ रेवणसिद्ध याचे शरणु शरणार्थी. नमस्कार दुकानाच्या फरशीवरच घालतो आहे, तेव्हा कपाळाला एखादी टाचणी टोचली तर ती तुमच्या नावाने सोसली असं समजावं.

पत्र लिहिण्याचं कारण असं की तुम्ही फोनवर येत नाही. फेब्रुवारीत मी वळसंगला येऊन गेलो, त्याला आता नऊ महिने झाले. तेव्हापासून कधीही फोन केला की सिद्धम्मा वहिनी सांगतात, झोपलेत. सकाळी अकराला झोपलेत, संध्याकाळी सहाला झोपलेत. एकदा तर मागून तुमचा खोकला आणि "न्हाय म्हणून सांग" असा खणखणीत आवाज ऐकू आला, तरी झोपलेतच. (झोपेत इतकं स्पष्ट बोलणं ही तब्येत सुधारल्याची खूण आहे असं आम्ही धरलं आणि तुमच्या भावजयीने, धनलक्ष्मीने, शिरा केला.) डाव्या अंगावरून वारं गेल्याला येत्या संक्रांतीला दोन वर्षं होतील. डाव्या हाताची मालिश चालू असेलच. उजवा हात उत्तम आहे, हे वहिनींच्या हातून फोन घेऊन आपटला त्या आवाजावरून कळलं. मागच्या आठवड्यात मात्र निरोप आला की रुपालीच्या लग्नाला अण्णा येणार नाहीत. सव्वीस डिसेंबरला सख्ख्या पुतणीचं लग्न, तुम्ही तासाभराच्या वाटेवर, आणि येणार नाही. का, म्हणून विचारलं तर वहिनी म्हणाल्या, "तुमालाच ठावं." मला खरंच ठाऊक नव्हतं, अण्णा. गेल्या मंगळवारी दुपारी चारच्या सुमारास ठाऊक झालं. ते कसं, हे सांगायला जरा लांबून यावं लागेल. मी मुद्द्याला उशिरा येतो ही तुमची जुनी तक्रार आहे, पण आता माझ्यात सुधारणा होण्याचं वय राहिलेलं नाही.

श्रावणात दुकानात शिवानी नावाची मुलगी आली. म्हणजे दुकानात नाही, दुकानाखाली. ती लहानपणापासून चाकाच्या खुर्चीत आहे आणि आपल्या दुकानाला तीन पायऱ्या (तुम्हीच हौसेने बांधून घेतलेल्या), त्यामुळे ती रस्त्यावर आणि मी ओट्यावर, असं आमचं पहिलं बोलणं झालं. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ती भरतीचं काम बघते आणि आता तिला बढती मिळाली होती. म्हणाली, "काका, पुढच्या महिन्यापासून वीस जणांसमोर मी बोलणार. तयार ब्लेझर घातला की पोटावर फुगतो, आणि मागून पोत्यात बसल्यासारखी दिसते. मला रुबाबदार पायजे. अस्तर मोरपंखी." आता तुम्हीच सांगा, अडतीस वर्षं मी शाळेचे गणवेश शिवतो. माझ्या हातून निघालेल्या खाकी अर्ध्या चड्ड्या एकीला एक जोडल्या तर होटगी जंक्शनपर्यंत जातील. रुबाब हा शब्द आपल्या दुकानात शेवटचा ऐकला तो तुमच्याच तोंडून, तुमच्याच कॉलरबद्दल. पण रस्त्यावरून कोणी आव्हान दिलं की ओट्यावरच्या माणसाला माघार घेता येत नाही. मी होय म्हणालो.

टेप घेऊन खाली उतरलो आणि अडलो. आपलं सगळं शास्त्र उभ्या माणसाचं आहे. खांद्यापासून कंबर, कमरेपासून घोटा, "ताठ उभा रहा, पोट आत घेऊ नको." बसलेल्या माणसाला टेप कुठून लावायचा हे तुम्ही मला शिकवलंच नव्हतं. तुम्ही जे शिकवलं होतं ते मात्र आठवलं. शाळेत माप घ्यायला गेल्यावर एखादं पोर गैरहजर असलं की काय करायचं? त्याच्याएवढं दुसरं पोर उभं करायचं. (अर्धा जिल्हा असा दुसऱ्याच्या मापात दहावी पास झाला आहे.) रुपाली अंगाने शिवानीसारखीच. शिवानीला ही गैरहजर पोराची युक्ती हौसेने सांगितली, रुपालीला घरातून हाक मारली, ताठ उभी केली आणि शिवानीच्या देखत, शिवानी समोर बसलेली असताना, तिचं माप रुपालीवर घेतलं. ती खुर्चीतून नुसती बघत होती. ब्लेझर सुरेख झाला. रुपालीला तो इतका बसला की तिने परत दिलाच नाही, आता लग्नानंतर फिरायला जाताना घालणार आहे. शिवानीला मात्र तो पोटावर फुगला आणि मागून पोत्यासारखा दिसला. ती म्हणाली, "काका, मी गैरहजर न्हवते की."

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. म्हटलं, या पोरीला रुबाब म्हणजे सोय हवी आहे. मागून उघडणारा, सैल, जिथे तिथे चिकटपट्टी लावलेला, धुवायला सोपा म्हणून फिक्या आकाशी रंगाचा असा एक कोट केला. धनलक्ष्मी म्हणाली, "ह्यावर पलंगाचा नंबर तेवढा घालायचा ऱ्हायला." मी दुर्लक्ष केलं. शिवानी तो घालून एकदा कारखान्यात जाऊन आली. मीटिंगमध्ये जरा पुढे वाकली तेव्हा पाठीची पट्टी चर्रकन सुटली. साहेब लोक बोलायचे थांबले, आणि एका कामगाराने तिला विचारलं, दवाखान्यातून सुट्टी कधी मिळाली. हे तिने मला अगदी शांतपणे सांगितलं. ती शांतपणे सांगते तेव्हा जास्त लागतं. (तुमच्यासारखंच.)

तिसऱ्या खेपेला लोहचुंबक. हे तिनेच मोबाईलवर दाखवलं. वरून बटण दिसतं, आत छोटं चुंबक, हात जवळ नेला की आपोआप मिटतं. मी चांगलं बघून सगळ्यात दणकट चुंबक आणलं. आता टेलरच्या दुकानात चुंबक आणणं हा काय प्रकार आहे ते मला कोणी सांगायला हवं होतं. पहिल्या संध्याकाळी दुकानातल्या सगळ्या टाचण्या ब्लेझरच्या छातीवर जमल्या. त्या आम्ही काढल्या. ज्या राहिल्या त्या शिवानीसोबत चिंचोळीला गेल्या, सोबत काजाची एक लहान कात्री, जी आतून अस्तराला चिकटून गेली आणि मला दोन दिवस सापडली नाही. पुढे ती लोखंडी कपाटाजवळून जाताना कपाटाने तिला धरलं. सोडवायला दोघं जण लागले. एवढं होऊनही ती परत आली, अण्णा. चौथ्यांदा. गणवेशाच्या धंद्यात गिऱ्हाईक चौथ्यांदा येतं ते भांडायला. ती म्हणाली, "काका, तुमच्या हातात कला हाय. पण तुमी अजून मला उभीच धरताय. माझ्या जुन्या खुर्चीत एक दिवस बसा. सकाळी बसायचं, संध्याकाळी उठायचं. मधे उठलात तर कापड परत नेते."

म्हणून गेल्या मंगळवारी मी खुर्चीत बसलो. तासाभरात मला जे कळलं ते अडतीस वर्षांत कळलं नव्हतं. विजारीचा मागचा खिसा हा बसणाऱ्याचा शत्रू आहे. पुढून विजार पोटात रुतते आणि मागून कंबर उघडी पडते, म्हणजे पुढे कापड कमी हवं आणि मागे जास्त. बाही सैल असली की चाकात जाते. (गेली. चौकड्याचा शर्ट होता, दिवाळीचा.) खिसा मांडीवर हवा, पाठीला चुण्या हव्यात, म्हणजे चाक ढकलताना खांदा अडत नाही. हे सगळं मी खडूने फळ्यावर लिहिलं आणि स्वतःवर खूश झालो. दुपारपर्यंत मला वाटत होतं की शिवानीने मला एवढ्यासाठीच बसवलं.

चारच्या सुमाराला होटगीचा संगप्पा आला. तुम्हाला आठवतो, माझ्याबरोबर शाळेत होता, आता तिथल्या पोरांचे गणवेश आपल्याकडून नेतो. त्याने मला खुर्चीत पाहिलं, चप्पल काढली, आणि माझ्याशी एक शब्द न बोलता काज करत बसलेल्या धनलक्ष्मीजवळ गेला. "कवा झालं हे?" धनलक्ष्मीने मान वर न करता सांगितलं, "सकाळी नऊला." "वळखतो का मानसं?" "वळखत्यात की. लई वळखत्यात." "आन् खातोय का नीट?" ती म्हणाली, खाण्याची काही तक्रार नाही. पुढचं त्याने कानडीत विचारलं, मला कळू नये म्हणून. (तो आणि मी कानडी शाळेत एकाच बाकावर होतो.) मी तोंड उघडलं तर त्याने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "बोलू नकोस, दमशील." अण्णा, अठ्ठावन्न वर्षांचा मी, डोक्यावर हात. मग चहा आला, तेव्हा चहावाल्या पोराच्या हातातला कप मधेच थांबवून त्याने माझ्या बायकोला विचारलं, "ह्याला चहा चालतो का? साखर किती घालायची?"

तिथे मला ठाऊक झालं.

फेब्रुवारीत मी वळसंगला आलो. तुम्ही ओसरीवर खुर्चीत बसला होता, बंडी आणि लुंगी, दाढी वाढलेली. मी तुमच्यापासून एका हाताच्या अंतरावर उभा होतो आणि वहिनींना विचारलं, "अण्णांना चहा चालतो का?" तुम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. मग मी आणखी विचारलं, "झोप लागते का त्यांना?" तुमची जीभ शाबूत, डोकं माझ्यापेक्षा दुप्पट शाबूत, आणि मी तुम्हाला गैरहजर धरून तुमचं माप वहिनींवर घेत होतो. ज्या माणसाने मला टेप धरायला शिकवलं त्याला. मला फार लाज वाटली, अण्णा. संगप्पाचा चहा मी घेतला नाही. (धनलक्ष्मीने घेतला. तिने दिवसभरात कोणाचाही गैरसमज दूर केला नाही, हेही नमूद करतो. संध्याकाळपर्यंत दुकानात सात शहाळी आणि पाव किलो मोसंबी जमा झाली.)

शिवानीचं सांगून संपवतो. पाचवा ब्लेझर बसलेल्या मापाने झाला. गडद जांभळा, पुढून आखूड, पाठीला दोन चुण्या, बाही मनगटाला घट्ट, आत मोरपंखी अस्तर, चुंबकं बेताची. शनिवारी तो घालून ती बोलली. वीस जणांपैकी खुर्चीबद्दल एकानेही विचारलं नाही, तिघांनी शिंप्याचा पत्ता विचारला. दुकानाच्या पायऱ्यांवर आधी फळी टाकली होती, आता सिमेंटचा पक्का उतार केला आहे. तुमच्या पायऱ्या मोडल्या, त्याबद्दल रागवावं. पण समोर येऊन.

वहिनींना नमस्कार. हे पत्र त्यांच्याकडून वाचून घेऊ नये, चष्मा लावून स्वतः वाचावं, कारण ते तुम्हाला लिहिलं आहे.

आपला धाकटा,
रेवणसिद्ध

ता. क. सोबतच्या पुडक्यात एक पांढरा शर्ट आहे. कॉलर तुमची, आत दुहेरी बकरम घालून ताठ केलेली. वरून सहा बटणं दिसतील, काजंही धनलक्ष्मीने हाताने केली आहेत, कारण ती तुम्ही उलटून तपासणार. पण बटणं नुसती शोभेची. आत चुंबक आहे, एका उजव्या हाताने मिटतो. कोणाला बोलवावं लागणार नाही. लोखंडी कपाटाजवळ उभं राहू नये, म्हणजे बसू नये.

ता. क. दुसरा. माप जुन्या मापवहीतून घेतलं, तुमच्याच अक्षरातलं पान आहे. पण ते उभ्याचं माप आहे, तेव्हा शर्ट नक्की चुकणार. बसलेलं माप हवं आहे. ते मी वहिनींना विचारणार नाही. शिवाय डावा खांदा अर्धा इंच मुद्दाम खाली कापला आहे. असा खांदा बघून तुम्ही गप्प बसलेले मी आयुष्यात पाहिलेले नाहीत. शिव्या द्यायला तरी फोन कराल. दुकान नऊला उघडतं.

ता. क. तिसरा. धनलक्ष्मीने पत्र वाचलं. ती म्हणते, मुद्दाम वगैरे काही नाही, ह्यांचा खांदा अडतीस वर्षं असाच येतो, तेवढं अण्णांना खरं कळवा. कळवलं. शिवानीचाही खांदा तिनेच दोनदा उसवून बसवला. आता आणखी तीन ब्लेझर कापायचे आहेत, वर जावयाचा कोट, आणि मला खांदा येत नाही. तेव्हा लग्नाच्या आधी आठ दिवस या. चहाला साखर किती, ते आल्यावर तुम्हालाच विचारीन.